गल्लीतला गडी थेट प्रो स्पर्धेत? 'ओपन' म्हणजे नेमकं किती उघडं, समजून घ्या

"तुमच्या शहरात ट्रायल! निवड झाली तर थेट लीगमध्ये!" क्रिकेट खेळणाऱ्या पोरांच्या मोबाईलवर अशी रील्स आता नेहमीची झालीत. खाली नोंदणीची लिंक, शुल्काचा आकडा आणि मागे एखाद्या फिल्मस्टारचा किंवा माजी क्रिकेटरचा फोटो. अमरावती-अकोल्यातले पोट्टे ते रील एकमेकांना पाठवतात, कुणीतरी फॉर्म भरतो, कुणीतरी "हे सगळं फेक असते बे" म्हणून सोडून देतो.

दोघंही अर्धे बरोबर आहेत.

हौशी खेळाडूंना व्यावसायिक स्पर्धेत घेणं ही कल्पना खोटी नाही. जगात ती चालते आणि तिच्यातून विश्वविजेतेही झालेत. पण 'सर्वांसाठी खुली' या दोन शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एक, कुणीही अर्ज करू शकतो. दोन, कुणीही जिंकून पुढे जाऊ शकतो. पहिली गोष्ट म्हणजे दुसरी नव्हे. हा फरक कळला की जाहिरात कशी वाचायची तेही कळतं.

सगळ्यात उघडी स्पर्धा डार्ट्सची

'ओपन' हा शब्द अक्षरशः पाळणारी स्पर्धा बघायची तर इंग्लंडमधल्या डार्ट्सकडे जावं लागतं. भिंतीवरच्या गोल बोर्डावर छोटे बाण फेकायचे, 501 वरून आकडा खाली आणत बरोबर शून्यावर यायचं आणि शेवटचा बाण बोर्डाच्या 'डबल' पट्टीतच लागला पाहिजे, असा हा खेळ. एका पाळीत तीन बाण, जास्तीत जास्त 180 गुण. एकेकाळी पबमधला टाइमपास असलेला हा खेळ आज मोठ्या पैशांचा झालाय. प्रोफेशनल डार्ट्स कॉर्पोरेशन म्हणजे पीडीसीच्या 2026 च्या विश्वविजेतेपद स्पर्धेत 128 खेळाडू होते आणि विजेत्याचं बक्षीस होतं 10 लाख पौंड.

याच पीडीसीची 'यूके ओपन' नावाची स्पर्धा 2003 पासून होते. पहिला विजेता फिल टेलर. 2014 पासून ती माइनहेड या समुद्रकाठच्या गावातल्या सुट्टीच्या रिसॉर्टमध्ये भरते. तिची खासियत अशी की अनेक वर्षं मुख्य स्पर्धेत हौशी खेळाडूंसाठी जागा राखून ठेवलेल्या असायच्या. त्यासाठी क्लब आणि बारमध्ये पात्रता फेऱ्या व्हायच्या. तिथे जो जिंकायचा, तो थेट माइनहेडला.

पुढची गोष्ट आणखी महत्त्वाची. या स्पर्धेत मोठे खेळाडू नंतरच्या फेऱ्यांत उतरतात, पण एकदा उतरले की त्यांना मानांकनाचं संरक्षण नसतं. प्रत्येक फेरीनंतर चिठ्ठ्या नव्याने काढल्या जातात. जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूसमोर येऊ शकतो, तसाच दिवसा नोकरी करून संध्याकाळी बाण फेकणाऱ्या माणसासमोरही येऊ शकतो. 2025 मध्ये ही स्पर्धा ल्यूक लिटलरने जेम्स वेडला 11-2 असं हरवून जिंकली. म्हणजे शेवटी मोठेच जिंकतात. पण छोट्यांना कुणी अडवलेलं नसतं.

इथे निवड समिती नाही. "याचा हात चांगला आहे", "याची उंची कमी पडते" असं कुणी म्हणत नाही. आकडा शून्यावर आला की नाही, एवढाच प्रश्न.

इलेक्ट्रिशियन ते विश्वविजेता, पण मधे एक पायरी होती

रॉब क्रॉस हे याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. क्रॉस पेशाने इलेक्ट्रिशियन. 2016 मध्ये तो हौशी पात्रता फेरीतून यूके ओपनमध्ये आला. 1 जानेवारी 2018 ला त्याने विश्वविजेतेपदाच्या अंतिम सामन्यात 16 वेळचा विजेता फिल टेलरला 7-2 असं हरवलं. टेलरच्या व्यावसायिक कारकिर्दीतला तो शेवटचा सामना होता.

गोष्ट एवढीच सांगितली तर ती रीलसारखीच होते. मधलं वर्ष विसरून चालत नाही. यूके ओपनमधून क्रॉस घरी परतला आणि 2016 भर 'चॅलेंज टूर' या दुसऱ्या दर्जाच्या मालिकेत खेळत राहिला. तिथल्या गुणतक्त्यात तो पहिला आला, म्हणून 2017 साठी त्याला व्यावसायिक दौऱ्याचं कार्ड मिळालं. अशी कार्डं असतात फक्त 128. ज्यांना चॅलेंज टूरमधून ती मिळत नाहीत त्यांच्यासाठी दर जानेवारीत 'क्यू स्कूल' नावाची वेगळी पात्रता स्पर्धा होते. फी भरा, खेळा, जिंका, कार्ड घ्या.

म्हणजे क्रॉसला वर नेणाऱ्या गोष्टी दोन होत्या. उघडं दार आणि दाराच्या आत लगेच दिसणारी पायरी. दार उघडं असून आत पायरी नसती, तर 2016 चं यूके ओपन त्याच्यासाठी फोटो काढून घरी येण्यापुरतंच राहिलं असतं.

भारतालाही हे दार थोडं उघडलं. विश्वविजेतेपदासाठी पीडीसी भारतात पात्रता फेरी घेते. तिथून नितीन कुमार डिसेंबर 2018 मध्ये लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये उतरला. या स्पर्धेत खेळणारा तो पहिला भारतीय. पण चॅलेंज टूरसारखी वर्षभराची मधली पायरी भारतात नाही.

त्याच दिवशी इंदूरमध्ये

आता एक योगायोग बघा. क्रॉस विश्वविजेता झाला त्याच दिवशी, म्हणजे 1 जानेवारी 2018 ला, इंदूरच्या मैदानावर विदर्भाने दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. त्या अंतिम सामन्यात अकोल्याच्या 19 वर्षांच्या आदित्य ठाकरे या वेगवान गोलंदाजाने प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केलं होतं. थेट रणजीच्या फायनलमध्ये पदार्पण! काही दिवसांतच त्याला न्यूझीलंडमधल्या 19 वर्षांखालील विश्वचषकासाठी भारतीय संघात बोलावणं आलं.

त्याच महिन्यात अकोल्याच्याच अथर्व तायडेने कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात 320 धावा केल्या. पुढे तो रणजी आणि आयपीएलपर्यंत गेला. अमरावतीचा जितेश शर्मा तर सगळ्यांना माहीत आहे. 27 मे 2025 ला लखनौविरुद्ध 33 चेंडूंत नाबाद 85, आणि आठवडाभरात बंगळुरूच्या संघासोबत आयपीएलचा करंडक हातात.

हे तिघं वऱ्हाडातून वर गेले ते ट्रायलच्या रीलमधून नाही. ते गेले विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या शिडीने. क्लब आणि जिल्ह्याचं क्रिकेट, मग वयोगटाचे संघ, मग रणजी. ही शिडी डार्ट्ससारखी खुली नाही. इथे निवड समिती आहे, मोठ्या सोयी नागपुरात आहेत, आणि अमरावतीहून नागपूर सुमारे 150 तर अकोल्याहून सुमारे 250 किलोमीटर आहे. लेदर बॉलचं किट महाग, सरावाला चांगली खेळपट्टी मिळणं त्याहून अवघड. अनेकांची शिडी पहिल्याच पायरीवर सुटते ती याच कारणांनी.

पण ती शिडी आहे, आणि ती वेळ घेते. जितेशने मुलाखतींत सांगितलंय की त्याला सैन्यदलात जायचं होतं आणि राज्य पातळीवर खेळलं तर वाढीव गुण मिळतात म्हणून तो क्रिकेटकडे वळला. 2016 मध्ये मुंबई इंडियन्सने त्याला 10 लाखांना घेतलं, पण एकही सामना मिळाला नाही. आयपीएलमध्ये तो प्रत्यक्ष उतरला 2022 मध्ये, पंजाबकडून, वयाच्या 28 व्या वर्षी. भारताकडून पहिला टी-20 सामना ऑक्टोबर 2023 मध्ये. मधल्या सगळ्या वर्षांत त्याला खेळायला विदर्भाचा संघ होता. ती पायरी नसती तर 2016 च्या लिलावातलं नाव पुढे कुणाला आठवलंही नसतं.

मग टेनिस बॉलवाल्यांचं काय?

वऱ्हाडात लेदर बॉलने खेळणारे मोजके, टेनिस बॉलने खेळणारे गावोगाव. दिवाळीनंतर ते उन्हाळ्यापर्यंत कुठे ना कुठे 'चषक' सुरूच असतो. प्रवेश फी, रोख बक्षीस, रात्रीचे सामने, यूट्यूबवर लाईव्ह, स्कोअर मोबाईल ॲपवर. खेळाडू गुणी असतात, गर्दीही असते. फक्त आमदार चषक जिंकल्यावर पुढे काय, याचं उत्तर बहुतेक वेळा 'पुढचा आमदार चषक' एवढंच असतं.

ही पोकळी ओळखून मार्च 2024 मध्ये 'इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग' म्हणजे आयएसपीएल सुरू झाली. टेनिस बॉल, दहा षटकांचे सामने, स्टेडियममध्ये. पहिला हंगाम ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर सहा संघांमध्ये झाला आणि कोलकात्याने जिंकला. 2025 चा दुसरा हंगामही ठाण्यातच, विजेता 'माझी मुंबई'. तिसऱ्या हंगामात संघ आठ झाले आणि लीग सुरतला गेली. संघमालकांत अमिताभ बच्चन, अक्षय कुमार, हृतिक रोशन अशी नावं, तर सचिन तेंडुलकर लीगच्या मुख्य समितीत.

टेनिस बॉलवाल्या पोरासाठी ही खरीच मोठी गोष्ट आहे. पहिल्या हंगामात प्रत्येक संघाकडे खेळाडू घ्यायला 1 कोटी रुपये होते आणि खेळाडूची मूळ किंमत 3 लाख. 16 जणांचा संघ धरला तर सरासरी सव्वासहा लाख. गल्लीत खेळून आजवर एवढा पैसा कधी मिळत नव्हता.

पण प्रवेशाची पद्धत बघा. ऑनलाईन नोंदणी, शहरात ट्रायल, निवडकर्त्यांची पसंती, मग लिलाव. म्हणजे अर्ज सगळ्यांसाठी खुला, निर्णय मात्र दुसऱ्यांच्या हातात.

यात फसवणूक आहे असा अर्थ अजिबात नाही. सांघिक खेळात हे काही प्रमाणात अटळ आहे. डार्ट्समध्ये एकटा माणूस एकट्याला हरवतो. क्रिकेटमध्ये दहा चेंडू टाकून कोण चांगला हे आकड्याने ठरत नाही, कुणीतरी बघून ठरवावं लागतं. अडचण अशी की ट्रायलमध्ये बघायला मिळणारा वेळ थोडा असतो. वर्षभर गावच्या मैदानावर 40 सामने जिंकून देणारा फिनिशर आणि त्या दिवशी दोन षटकार बसलेला पोरगा, दोघं तिथे सारखेच दिसू शकतात.

पैशाचं साधं गणित

कोणत्याही एका लीगचा आकडा न घेता एक उदाहरण मांडू. समजा एखाद्या स्पर्धेत 100 जागा आहेत आणि 1 लाख मुलांनी प्रत्येकी 1,000 रुपये भरून नोंदणी केली. आयोजकांकडे नोंदणीतूनच 10 कोटी जमा झाले. प्रत्येक मुलाची सरासरी शक्यता मात्र हजारात एक. त्याच्या खर्चात प्रवास, राहणं, बुडालेली रोजंदारी हे वेगळं. अकोल्याहून मुंबईला ट्रायलला जायचं तर 1,000 ची फी हा सगळ्यात छोटा खर्च ठरतो.

आता दुसरी पद्धत. गावातल्या चषकात 32 संघ, प्रत्येकी 5,000 रुपये प्रवेश फी, पहिलं बक्षीस 51,000. इथे हजारात एक नाही, 32 मध्ये एक. हरला तरी किमान एक पूर्ण सामना खेळायला मिळाला, आणि कुणामुळे हरला हे साऱ्या गावाने पाहिलं. यात पुढची पायरी नाही, पण हिशोब उघडा आहे.

क्यू स्कूलमध्येही फी आहे. फरक हा की तिथे फी भरून खेळाडू स्पर्धा विकत घेतो, ट्रायलमध्ये तो कुणाची तरी नजर विकत घेतो.

टेनिस बॉलवरून वर गेलेले कसे गेले?

टी. नटराजनचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तामिळनाडूतल्या सेलम जिल्ह्यातल्या चिन्नप्पमपट्टी गावचा, टेनिस बॉलवर यॉर्कर घासून तयार झालेला गोलंदाज. 2017 मध्ये पंजाबने त्याला 3 कोटींना घेतलं आणि 2020-21 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तो भारताकडून तिन्ही प्रकारांत खेळला.

पण सेलमच्या गल्लीतून तो एकदम आयपीएलमध्ये पोचला नाही. आधी चेन्नईच्या खालच्या डिव्हिजनच्या लीगमध्ये लेदर बॉलने खेळला, मग रणजी, मग तामिळनाडू प्रीमियर लीग. चेन्नईत क्लबच्या अनेक डिव्हिजन आहेत आणि जिंकत गेलं की वर जाता येतं. टेनिस बॉलने त्याला हात दिला, लीगच्या पायऱ्यांनी रस्ता दिला.

वऱ्हाडातही अशी पायरी एकदा दुसऱ्या खेळात चालली आहे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये जगात दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या तिरंदाजाला हरवणारा प्रवीण जाधव मूळचा साताऱ्याच्या फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा. तो सुरुवातीला धावपटू होता. तिरंदाजी तो शिकला सरकारी क्रीडा प्रबोधिनीत, अमरावतीला. तिथे त्याला राहायला-खायला जागा, धनुष्य आणि रोजचा सराव मिळाला. पुढे तो लष्करात गेला. म्हणजे एका गरीब घरातल्या पोरासाठी अमरावती हीच ती मधली पायरी ठरली. एक दिवसाच्या ट्रायलने हे झालं नसतं.

संघासाठी 'ओपन' स्पर्धा होऊ शकते का?

होऊ शकते, आणि जुनी आहे. इंग्लंडमधला फुटबॉलचा एफए कप 1871 पासून चालतो. त्यात 700 हून जास्त क्लब उतरतात. नोकरी सांभाळून खेळणाऱ्यांचे छोटे क्लब पहिल्या पात्रता फेऱ्यांपासून सुरुवात करतात, बडे क्लब नंतर येतात, आणि जोड्या चिठ्ठ्या काढून लागतात. यूके ओपनला 'डार्ट्सचा एफए कप' म्हणतात ते यामुळेच.

जानेवारी 2021 मध्ये आठव्या पातळीवरच्या मरीन नावाच्या क्लबची चिठ्ठी टॉटनहॅमबरोबर निघाली. कोविडमुळे मैदानात प्रेक्षक नव्हते. मरीनने ऑनलाईन 'आभासी तिकिटं' काढली आणि ती 30 हजारांहून जास्त विकली गेली. सामना ते 5-0 ने हरले, पण क्लबची तिजोरी भरली. हरणाऱ्यालाही काही मिळतं, ही खऱ्या खुल्या स्पर्धेची खूण.

वऱ्हाडासाठी मुद्दा इथे आहे. गावोगावचे चषक जिंकणारे संघ आधीच तयार आहेत. सरकारच्या शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चौकटही वर्षानुवर्षं चालते, आणि अमरावती विभागात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम हे पाच जिल्हे येतात. टेनिस बॉलसाठी अशीच चौकट उभी करून विभागाच्या विजेत्या संघाला व्यावसायिक संघाशी एक सामना किंवा त्यातल्या खेळाडूंना थेट लिलावाच्या यादीत जागा द्यायची, एवढाच बदल लागतो. मग निवड एका दुपारच्या दहा चेंडूंवर होणार नाही, हंगामभराच्या निकालावर होईल. दर्यापूरच्या किंवा अकोटच्या पोराला पहिल्या फेरीसाठी मुंबई गाठावी लागणार नाही. लीगलाही फायदा आहे. तिला मिळणारा खेळाडू ताणाखाली जिंकलेला असेल आणि त्याच्यामागे त्याचा अख्खा तालुका सामना बघेल.

कुस्तीच्या आम दंगलीत वऱ्हाडाने हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलंय. हलगी वाजते, इनामाची रक्कम पुकारली जाते, गर्दीतला गडी लंगोट कसून पुढे येतो, पंच जोड लावतात. निकाल मातीत लागतो, सगळ्यांसमोर.

फॉर्म भरण्याआधी पाच प्रश्न

तोवर रील्स येतच राहणार. म्हणून लिंकवर पैसे टाकण्याआधी एवढं विचारून घ्यावं:

1. स्पर्धा आधी एकदा तरी पूर्ण झाली आहे का? अंतिम सामन्याचं प्रक्षेपण आणि विजेत्यांची नावं सापडतात का? नोव्हेंबर 2025 मध्ये श्रीनगरला परदेशी स्टार खेळाडू आणलेली एक लीग मधेच बंद पडली आणि खेळाडू हॉटेलात अडकले. मोठं नाव म्हणजे हमी नाही.

2. मागच्या ट्रायलमधून किती जण निवडले गेले आणि त्यातले किती प्रत्यक्ष सामना खेळले? फक्त 'निवड झाली' असं पत्र मिळून उपयोग नसतो.

3. निवडीनंतर पुन्हा पैसे मागणार का? किट, प्रशिक्षण शिबिर, 'रजिस्ट्रेशन राऊंड टू' अशा नावाने रक्कम वाढत गेली तर तिथेच थांबावं. खरी व्यावसायिक स्पर्धा निवडलेल्या खेळाडूला पैसे देते, त्याच्याकडून घेत नाही.

4. प्रमाणपत्राचा उपयोग काय? महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण ते ठरावीक मान्यताप्राप्त स्पर्धांसाठीच. खासगी लीगचं प्रमाणपत्र त्यात बसतं का, हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात फुकट विचारता येतं.

5. जिल्ह्याच्या किंवा असोसिएशनच्या संघाकडून खेळत असाल तर बाहेरच्या लीगला परवानगी लागते का? एका ट्रायलपायी हातातली शिडी सोडणं महागात पडू शकतं.

पाचही उत्तरं नीट मिळाली तर फॉर्म जरूर भरावा. 3 लाखांची मूळ किंमत लागली तर घरचं कर्ज फिटतं, हे खरंच आहे. फक्त त्या दिवशी निवड झाली नाही तर त्याचा अर्थ 'आपण कमी पडलो' असा लावायचं कारण नाही. बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच असतो की तिथे स्पर्धा झालीच नव्हती, फक्त निवड झाली होती.